गटाचा खर्च कोणी उचलायचा? वर्गणी, जाहिरात की सभासदांची कामं

सुरंगी (डोंबिवली, मूळ दापोली तालुका)

मंडळी, दोन महिने हा विषय मनात घोळतोय. काल रात्री गटाचा हिशेब लिहायला बसले आणि वाटलं, आता सगळ्यांसमोर मांडायलाच हवा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि शेजारी आमच्या दापोली-मंडणगडचीही वाताहत झाली. टाळेबंदी होती, गावी जायला पास लागायचा. आई-बाबा त्या वर्षी डोंबिवलीतच अडकले होते. चार दिवस गावातला एकही फोन लागेना. पाचव्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या वहिनींनी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर चढून, रेंज शोधून एक फोटो पाठवला. माजघरावरची कौलं उडालेली, वर नुसतं आभाळ, आणि खाली देव्हाऱ्यावर ताडपत्री टाकून चारी कोपऱ्यांना जांभ्याचे दगड ठेवलेले. ते वहिनींनीच केलं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं, सांगायला फोनच लागत नव्हता.

त्या एका फोटोतून हा गट उभा राहिला. आज श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं इथे आहेत. कोणी पुण्याला, कोणी मस्कतला, कोणी गावातच. एकमेकांची पहिली ओळख फोनवर झाली, भेटी नंतर झाल्या, आणि बरेच जण अजून भेटलेलेच नाहीत. तरी सातबाऱ्यावरचं नाव कसं दुरुस्त करायचं इथपासून वाळवीला काय मारायचं इथपर्यंत सगळं आपण इथेच विचारतो.

आता खर्चाचं. कागदपत्रांच्या नकला आणि घरांचे फोटो साठवायला दर वर्षी पैसे लागतात, ते आम्ही तिघं खिशातून भरतो. पण खरा खर्च तो नव्हे. खरा खर्च माणसांच्या दिवसांचा आहे. वहिनींकडे आज अकरा घरांच्या चाव्या आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या, प्रत्येक चावीला सुतळी आणि सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा. गेल्या जुलैत भर पावसात त्या एका घराची पन्हळ बघायला गेल्या. पायरीवर शेवाळ होतं. पाय घसरला, मनगट मोडलं. सव्वा महिना हात प्लॅस्टरमध्ये. घराच्या मालकांनी फोन करून चौकशी केली, आणि तिसऱ्याच वाक्याला विचारलं, "मग पन्हळ तुंबली होती का?"

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. कारण चूक त्या एका माणसाची नव्हती, आपली सगळ्यांची होती. मे महिन्यात खाऊचा पुडा आणि गणपतीत साडी एवढ्यावर आपण एका बाईचं वर्षाचं काम उरकत होतो.

दोन उपाय करून झाले आहेत. एकदा वर्गणी मागितली. दिली ती नेहमीच्याच चाळीसेक जणांनी, आणि त्यातल्या निम्म्यांनी गटाकडे आजवर काही मागितलेलंही नाही. देवळाच्या वर्गणीची यादी सभामंडपाच्या भिंतीवर लागते, वर्षातून एकदा पालखी दारात येते, म्हणून ती वर्गणी निघते. आपल्याला भिंतही नाही आणि पालखीही नाही. दुसरं म्हणजे, जमिनीचे व्यवहार करणारे एक गृहस्थ आले होते. गटाचा सगळा खर्च उचलतो म्हणाले. बदल्यात हवी होती सभासदांची गावनिहाय यादी. कोणाचं घर बंद आहे, कोणाच्या सातबाऱ्यावर किती वारस आहेत, कोण विकायला तयार होईल, हे सगळं आपण विश्वासाने इथे बोललेलो आहोत. ते विकायचं नाही. या मुद्द्यावर मला चर्चाच नको आहे.

म्हणून माझं म्हणणं: सल्ला, माहिती, गप्पा सगळं फुकटच राहू दे. पण ज्या कामासाठी कोणाला तरी उठून जावं लागतं, त्या कामाचे पैसे काम सांगणाऱ्याने द्यायचे, आणि त्यातला छोटा वाटा गटाला. सुरुवात बंद घरांच्या फेरीपासून करू.

फेरी म्हणजे कुलूप उघडून फोटो काढणं नव्हे. दिवाळीत मी वहिनींबरोबर एका घरात गेले होते. दार उघडून त्या उंबऱ्यातच थांबल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "उंदीर मेलाय कुठेतरी." मग सगळ्या खिडक्या उघडल्या. बॅटरी घेऊन वासे, रिपा बघितल्या. कोनवाशाच्या टोकाशी मातीची बारीक रेघ होती, ती नखाने फोडली तर आत पांढरी वळवळ. विहिरीवरचा पंप पाच मिनिटं चालवला, नाहीतर तो जाम होतो. मीटरचा आकडा लिहिला. न्हाणीच्या मोरीत बादलीभर पाणी ओतलं. परसातल्या फणसाची फांदी कौलांवर टेकायला आली होती, ती मला दाखवली. मी त्या घरात तीन वेळा राहिले आहे, मला यातलं काहीच दिसलं नसतं.

घरामागे महिन्याला एक फेरी आणि एका फेरीचे ४०० रुपये धरले. ३२० जाणाऱ्याच्या हातात, त्याच दिवशी. ८० गटाला. साठ घरं झाली तर गटाकडे महिन्याला ४,८०० आणि वर्षाला ५७,६०० जमतात. आपला साठवणीचा खर्च भागून वर उरतात. वाळवीची फवारणी, शाकारणी, गवत काढणं ही कामं वेगळी, त्यांचा दर करणाऱ्याने सांगायचा.

बोला.

---

पाणंद (कुडाळ)

ताई, तुमचा मन चांगला हा, ह्येच्यात माका शंका नाय. पण शेजाऱ्याक पैसे दिले की तो शेजारी ऱ्हवत नाय, गडी होता. आमच्या वाडीत कोणाच्या बंद घराक सांजवात लावूची झाली तर कोण दर इचारीत नाय. आणि दुसरा म्हणजे, ज्येच्याकडे चारशे रुपये नाय, तेचा घर कोण बघतलो? मुंबयत सगळेच बंगलेवाले नाय हत.

---

सुरंगी

पाणंददादा, दोन्ही प्रश्न खरे आहेत.

सांजवातीला दर नाही आणि कधी लागणारही नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देण्यापेक्षा वहिनींचंच सांगते. मी त्यांना विचारलं, पैसे घ्यायला संकोच वाटेल का? त्या म्हणाल्या, "ताई, मायेनं करते ते करतच राहीन. पण ज्या दिवशी तुमची तीन घरं उघडते त्या दिवशी काजूच्या कारखान्यातली माझी हजेरी बुडते. ती माया नाही ना भरून देत."

दुसऱ्याचं असं करू. गटाच्या ८० मधले २० रुपये बाजूला ठेवायचे. वीस घरांमागे ४०० होतात, म्हणजे दर वीस घरांमागे एका घराची फेरी फुकट. कोणाचं घर, हे गटात जाहीर करायचं नाही. जाणाऱ्याला मात्र पूर्ण ३२० मिळाले पाहिजेत, तिथे कपात नाही.

---

गिरणगाव_ते_गुहागर

मी पंच्याहत्तरीचा आहे, सावकाश टाइप करतो, सांभाळून घ्या.

तुम्ही तरुण मंडळी हे नवीन समजताय, पण आमच्या पिढीने हेच केलं. लालबाग-परळात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. मी १९६८ ला आमच्या गावच्या खोलीत उतरलो. दहा बाय बाराची खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी अठरा-वीस माणसं. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकावर वाडीचं आणि माणसाचं नाव. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागी पथारी पसरायचा. जेवण खानावळीत. खोलीचं महिन्याचं ठरलेलं द्यायचं आणि त्यातून भाडं भागून जे उरायचं ते गावाकडे. आमच्या शाळेवरचे पत्रे त्या पैशातले आहेत. कोणी त्याला दान म्हटलं नाही. आम्हाला पाठ टेकायला जागा मिळाली, गावाला पत्रे मिळाले.

पण बिघडलं कसं तेही ऐका. वही वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे. माणूस वाईट नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माणसं गावी परतली, खोलीचे पैसे थांबले, आणि तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी वही मागितली. चार वर्षांचे आकडेच भरलेले नव्हते. त्याने पैसे खाल्ले नव्हते, याची मला आजही खात्री आहे. पण तो ते दाखवू शकला नाही. सख्ख्या चुलतभावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मरेपर्यंत.

तेव्हा सुरंगीताई, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमाखर्च गटात टाकायचा. कोणी मागितला नाही तरी टाकायचा. आणि वही एका हातात दोन वर्षांपेक्षा जास्त नको.

---

हापूसबाग (देवगड)

कोणीतरी आंब्याचा विषय काढणारच, म्हणून मीच काढतो आणि मीच नको म्हणतो.

आंबा हा सगळ्यात सोपा धंदा वाटतो. गटात हजार मुंबईकर, इकडे बागायतदार, मध्ये पेटीमागे थोडे पैसे ठेवले की झालं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटातून मी चाळीस पेट्या पाठवल्या. त्यातल्या सहा पेट्यांत तक्रार. दोन वाटेत दबलेल्या, बाकीच्यांत साका. साका बाहेरून कळत नाही. वरून फळ केशरी, सुंदर, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर. आता याचे पैसे कोणी द्यायचे? मी म्हटलं अर्धे देतो. गटवाले म्हणाले, आम्ही फक्त ओळख करून दिली. गिऱ्हाईक म्हणालं, गटावर विश्वास ठेवून घेतला. पंधरा दिवसांत गट फुटला. आंबा दीड महिन्याचा, भांडण कायमचं.

ऑक्टोबर २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी. नोंदणीकृत बागायतदार स्वतःच्या नावाने विकू शकतो. गटाने फार तर नोंदणी असलेल्यांची यादी ठेवावी, तीही फुकट. वस्तूत पैसा अडकवू नका. वस्तू खराब होते, कष्ट खराब होत नाहीत. फेरी झाली की झाली, फोटो समोर आहे, मीटरचा आकडा समोर आहे.

बाकी माझं स्वतःचं जुनं घर वाडीत बंद आहे. मी देवगडातच राहतो, बागेत असतो, तरी सहा सहा महिने तिकडे पाऊल पडत नाही. माझंही नाव घ्या.

---

तुतारी

गणपतीच्या गाड्यांचं पण बघा ना. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग. एका भागातले चाळीस-पंचेचाळीस जण मिळून एसटीचं गट आरक्षण केलं तर थेट गावात उतरता येतं. नावं जमवणं, पैसे गोळा करणं, बोलणी करणं हे काम एकाला लागतंच. सीटमागे वीस-तीस रुपये कोणीही देईल.

---

रोजमेळ (रत्नागिरी)

माझं काम हिशेबाचंच, म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवातीची चूक सगळे हीच करतात: एका सभासदाच्या बचत खात्यावर सगळ्यांचे पैसे. कागदावर ते त्याचं उत्पन्न दिसतं. नोटीस आली तर त्याच्या नावाने येते. कितीही ओळखीचा माणूस असो, त्याला त्या जागी ठेवू नका.

मग संस्था कोणती? आपल्याकडे बहुतेक जण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि धर्मादाय कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, हीच वाट धरतात. वादळात मदत गोळा करायला ती वाट चांगली. पण आपण काम करून पैसे घेणार आहोत. लोकोपयोगी कामाच्या नावाने करसवलत घेतलेल्या संस्थेला अशा व्यवहाराची रक्कम एका वर्षात एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेली की त्या वर्षीची सवलत सोडावी लागते. आपली तर जवळजवळ सगळी जमाच तशी असणार. उत्पादक कंपनीही बसत नाही, ती शेती, बागायती, मासेमारी अशा उत्पादकांसाठी आहे. बंद घराचा मालक उत्पादक ठरत नाही.

माझं मत सहकारी संस्थेकडे आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. भाग किती का असेनात, एका माणसाला एकच मत. नफ्यातला निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, दर वर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. आजोबांनी वहीचं जे सांगितलं ते या कायद्यात सक्तीनेच होतं. निबंधकांकडे कार्यक्षेत्र नमूद करावं लागतं. ते नीट विचार करून ठरवा, कारण आपले सभासद मुंबईत आणि घरं तीन जिल्ह्यांत.

जीएसटीची धास्ती आत्ता नको. साठ घरांची वर्षाची सगळी उलाढाल २,८८,००० होते. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. यूपीआयने बँक खात्यातून आलेल्या पैशांवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही, त्यामुळे ४०० चे ४०० च हातात येतात.

विमा. वहिनींचं वाचून मी लगेच बघितलं. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याला वर्षाला २० रुपये लागतात आणि दोन लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. मोडलेल्या मनगटाचा दवाखाना त्यात येत नाही. तो तर घ्याच, पण उपचारासाठी वेगळी रक्कम गटाच्या वाट्यातून राखून ठेवा. माझ्या मते फुकट फेरीचे ते २० रुपये सोडून पहिलं वर्षभर गटाचा बाकी सगळा वाटा तिकडेच जावा.

---

सुरंगी

रोजमेळ, शेवटचं वाक्य मान्य. फोटो साठवायचे पैसे आम्ही तिघं अजून एक वर्ष भरू. आणि घसरडी पायरी दिसली की त्या दिवशी आत जायचं नाही, फेरी झाली असं धरून पैसे द्यायचे, हेही लिहून ठेवते.

---

माहेरवाशीण (चिपळूण)

मला एकच विचारायचंय. सहकारी संस्था झाली तर सभासद कोण? फक्त घरांचे मालक?

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्या लिज्जतमध्ये आजही पापड लाटणारी बहीणच मालक असते. आपल्या वहिनी नुसत्या फेऱ्या मारणाऱ्या आणि आपण दर ठरवणारे, असं असेल तर पाणंददादा म्हणतात ते खरं होईल, त्या गडीच राहतील. पहिल्या दहा सह्यांमध्ये त्यांची सही हवी. दर ठरवताना त्यांचं मत हवं.

२२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात पूर आला तेव्हा घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला जी माणसं आली त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि त्यांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. मला ते खुपतं. म्हणून म्हणते, काम करणाऱ्याचं नाव कागदावर असू दे.

---

सुरंगी

माहेरवाशीणताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वहिनींसाठी दर ठरवत होते आणि वहिनींना एका प्रश्नापलीकडे काही विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी फोन करते.

---

दीपगृह

सगळे पैशावर बोलताय, मी यादीवर बोलतो.

साठ बंद घरांची यादी, मालक कुठे राहतो, चावी कोणाकडे, पुढची फेरी कोणत्या तारखेला. हा कागद चोराच्या हातात पडला तर त्याला आणखी काही शोधायलाच नको. तेव्हा चावीला घराचं नाव किंवा आडनाव अजिबात नको, फक्त आकडा. वहिनींच्या डब्यातले पुठ्ठे आजच बदला. कोणत्या आकड्याचं घर कोणतं, हे एका कागदी वहीत, आणि ती वही चाव्यांच्या घरात ठेवायची नाही. फेरीचे फोटो फक्त मालकाला, मोठ्या गटात नाही. मोबाइलचा कॅमेरा फोटोत जागेची नोंद ठेवतो, ती बंद करून घ्या. फेरीचा वार दर महिन्याला बदलता ठेवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

---

पाणंद

चावयेचा बरोबर सांगितल्यानी. आणि त्या ईस रुपयांचा पण माका पटला. आमच्या वाडीत दोन घरा हत, म्हातारी वारली, पोरगे सुरतेक, घराकडे कोण येणा नाय. तेंका चारशे परवडूचे नाय. ती दोन घरा मी बघतंय, माका पैसे नको. पण माझा नाव लिवन ठेवा, म्हणजे उद्या काय झाला तर कोणी माका इचारूक नको की तू आत कित्याक गेललस.

---

सुरंगी

दादा, नाव लिहिलं. मालकांची लेखी संमतीही मागवते, दोन ओळींची. तुमच्यासाठीच नाही, प्रत्येक घरासाठी.

वहिनींशी बोलले. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं. एक, ४०० दर चालेल, पण सड्यावरच्या दोन घरांना रिक्षा जात नाही, तिथे चालत पाऊण तास लागतो, तिथे ५००. दोन, एका दिवशी तीनपेक्षा जास्त घरं नाहीत. तीन, सही त्या करतील, पण सभेला डोंबिवलीला येणार नाहीत, सभा गावात घ्या. तिन्ही मान्य केलं आहे. सभा मे महिन्यात, आमच्या पडवीत. ज्यांना येता येईल त्यांनी या, बाकीचे फोनवर.

पावसाआधी पंधरा घरांपासून सुरुवात करतोय. दापोली तालुक्यातली अकरा, देवगडचं एक, गुहागरची तीन. नोंदणीचे कागद रोजमेळ तयार करतायत. नोंदणी होईपर्यंत गटाचा वाटा घ्यायचाच नाही, मालकाने थेट फेरी करणाऱ्याला द्यायचे. गणपतीच्या गाडीचं तुतारी स्वतः बघतायत, तो हिशेब वेगळा राहील.

---

वाडीवरून

नमस्कार. मी वहिनी. मुलीने हे नाव काढून दिलं, लिहिणं पण तिचंच, सांगत्ये मी.

आज घर नंबर ४ ची फेरी झाली. सकाळी साडेआठला उघडलं. वाळवी नाही. स्वयंपाकघरावरची तीन कौलं सरकली आहेत, वानरांनी केलंय, शाकारणीवाल्याला रविवारी सांगितलंय, तो दर मालकांना फोनवर सांगेल. पन्हळीत आंब्याचा पाला होता, खालून काठीने काढला, वर चढले नाही. पंप चालला. मागच्या दाराची कडी गंजल्ये, तेल सोडलंय, पण पुढच्या वेळी बदलावी लागेल. मीटर ४३१८. नऊ फोटो मालकांना पाठवले.

चाव्यांवरचे पुठ्ठे काढून आकडे लावले. वही माहेरी भावाकडे ठेवलीय.

उद्या ७ आणि ९.